हिवाळ्यात मुलांना घेऊन बर्फातली पायपीट: कुठे जावे आणि किती चालावे?

शाहूपुरी

नमस्कार. आम्ही साताऱ्यात राहतो. मुलगी दहा वर्षांची आहे आणि मुलाला सातवे लागले आहे. डोंगर दोघांनाही नवा नाही. रविवारी सकाळी अजिंक्यतारा, सुट्टीत सज्जनगड, पावसाळा सरता सरता यवतेश्वरच्या बाजूची पठारे, एवढे चालणे त्यांच्या अंगवळणी पडले आहे. गेल्या हिवाळ्यात वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठल्याची बातमी आली, तेव्हा धाकट्याच्या हट्टापायी आम्ही भल्या पहाटे महाबळेश्वर गाठले. धक्क्याच्या फळ्यांवर पांढरा पातळ थर साचला होता. त्याने तो नखाने खरवडून तळहातावर घेतला आणि ज्यात पाय रुततात तो बर्फ कुठे मिळतो, असे विचारले. तेव्हापासून घरात हा विषय निघत राहतो.

या हिवाळ्यात दोघांना हिमालयात न्यायचे, असे आमचे ठरले आहे. गाडीतून उतरायचे, भाड्याचे कोट चढवून घसरगुंडी खेळायची आणि परतायचे, एवढ्यावर आमचे समाधान होणार नाही. मुलांनी बर्फातून चालावे, देवदारांचे रान पाहावे, पावलांचे ठसे ओळखावेत आणि थकून जेवायला बसावे, अशी आमची इच्छा आहे. माझ्या भावाने केदारकंठा सुचवला आहे. शेजारच्या काकू म्हणतात की मनालीजवळच्या सोलंगपुरते ठेवा, एवढ्या लहान मुलांना उंचीवर नेणे बरे नव्हे. सासूबाईंनाही यायचे आहे. त्यांचे वय सहासष्ट असून त्या रोज चालतात.

ज्यांनी मुलांसह बर्फात प्रत्यक्ष पायपीट केली आहे, त्यांनी जागा, उंची, कपडे आणि दिवसाचे अंतर यांविषयी सविस्तर लिहावे, ही विनंती. डिसेंबरचा शेवट किंवा जानेवारीचा शेवट, दोन्ही आम्हाला जमण्यासारखे आहेत.

डोंगरवाट_कोरेगाव

ताई, भावाने योग्य तेच सुचवले आहे. केदारकंठा हा उत्तराखंडच्या उत्तरकाशी जिल्ह्यातला ट्रेक आहे आणि हिवाळ्यात बर्फातून माथ्यापर्यंत जाता येईल अशा मोजक्या वाटांपैकी ती एक आहे. पायथ्याचे सांक्री गाव सुमारे १,९५० मीटरवर आहे, पहिला मुक्काम जुडा का तालाबपाशी पडतो आणि माथा ३,८०० मीटरच्या आसपास आहे. माझी मुलगी नऊ वर्षांची असताना माथ्यावर पोहोचली होती. तिथून स्वर्गारोहिणीची शिखरे पाहताना तिचा चेहरा जसा उजळला होता, तसा मी पुन्हा पाहिलेला नाही. मुले आपल्याला वाटतात त्यापेक्षा पुष्कळ काटक असतात. आपणच भीतीपोटी त्यांना मागे खेचतो. तुमची मुले चालणारी आहेत, तेव्हा सोलंगच्या गर्दीत त्यांचा हिवाळा वाया घालवू नका.

मिरजवाली

कोरेगावकरांच्या मुलीचे मनापासून कौतुक वाटते. सल्ला मात्र मला पटत नाही. नऊ वर्षांची मुलगी आणि सहा वर्षांचा मुलगा यांत बरेच अंतर असते. माथ्याच्या दिवशी पहाटे तीन-चारला तंबूतून निघावे लागते, ती वेळ रात्रीच्या थंडीतली सर्वांत कठीण असते, आणि सहा वर्षांच्या मुलाला त्या वेळी उठवून, बूट चढवून, अंधारात बर्फावर उभे करण्यात त्याच्या आनंदाचा भाग किती आणि आपल्या हौसेचा किती, याचा विचार आई-वडिलांनी आधी करावा. काटकपणाविषयी माझी शंका नाही. पण मोठ्या माणसाला नको वाटले तर तो तसे सांगतो; मूल आपल्या तोंडाकडे पाहून चालत राहते.

बालरोग_सांगली

मी सांगलीत लहान मुलांचा दवाखाना चालवतो आणि डोंगरांची आवड मलाही आहे. वरच्या दोन्ही मतांत तथ्य आहे, परंतु शरीराचे गणित थोडे वेगळे असल्याने विस्ताराने लिहितो.

विरळ हवेचा त्रास साधारण २,५०० मीटरच्या वर सुरू होऊ शकतो. डोके दुखणे, मळमळ, झोप न लागणे, भूक मरणे ही त्याची लक्षणे मोठ्यांत आणि मुलांत सारखीच असतात. मात्र लहान मूल ती शब्दांत सांगू शकत नाही. ते किरकिर करते, जेवत नाही, खेळायचे सोडून गप्प बसते. म्हणून उंचीवर विनाकारण चिडचिडणाऱ्या मुलाकडे 'दमला असेल' म्हणून काणाडोळा करू नये. त्रास उंचीमुळेच होतो आहे असे मानावे, वर जाणे थांबवावे आणि लक्षणे वाढू लागल्यास ताबडतोब खाली उतरावे. खाली उतरण्याइतका खात्रीचा उपाय दुसरा नाही.

दिवसा कितीही वर चढलात, तरी खरा प्रश्न रात्री कुठे झोपता हा असतो. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची दररोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढू नये, असा सर्वसाधारण नियम आहे. केदारकंठ्याच्या प्रचलित कार्यक्रमात पहिला मुक्काम २,८०० मीटरच्या आसपास आणि दुसरा ३,४०० मीटरच्या आसपास असतो, म्हणजे एका दिवसात सुमारे सहाशे मीटरची वाढ होते. अनेकांना ती सोसते. परंतु ज्याला स्वतःची लक्षणे सांगता येत नाहीत, अशा मुलाबाबत मी ती जोखीम घेणार नाही.

थंडीचेही असेच आहे. दर हजार मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. सांक्रीत पहाटे शून्य अंश असेल, तर माथ्यावर साधारण उणे बारा असणार, आणि वारा सुटला तर अंगाला त्याहून अधिक बोचणार. लहान मुलाच्या वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचे क्षेत्रफळ मोठे असते, त्यामुळे त्याच्या अंगातली ऊब मोठ्यांपेक्षा लवकर निघून जाते. पाठीवर बसवून नेलेल्या मुलाची तर विशेष काळजी घ्यावी. चालणारा बाप घामाघूम झालेला असतो आणि पाठीवरचे मूल हालचाल नसल्यामुळे गारठत असते.

आणखी एक मुद्दा. निघण्याच्या आधीच्या दिवसांत मुलाला सर्दी-खोकला किंवा ताप असेल, तर उंचीवर जाणे पुढे ढकलावे. श्वसनमार्गाच्या संसर्गामुळे मुलांमध्ये उंचीवर फुप्फुसांत पाणी साचण्याचा धोका वाढतो. शाहूपुरीताई, सासूबाईंनीही निघण्यापूर्वी रक्तदाब आणि हृदयाची तपासणी करून घ्यावी.

वाईकरीण

डॉक्टर, आमच्याकडे केदारनाथला जाणारी मंडळी कापराची पुरचुंडी गळ्यात बांधतात आणि दम लागला की हुंगतात. मुलांसाठीही ती घ्यावी का? शिवाय थंडीत चमचाभर ब्रँडी दिल्यास ऊब येते, असे आमच्या घरातले वडीलधारे सांगतात.

बालरोग_सांगली

दोन्ही गोष्टी मुलांपासून दूरच ठेवा. कापूर हुंगल्याने नाकाला थंडावा जाणवतो आणि श्वास मोकळा झाल्यासारखे वाटते, पण त्यामुळे रक्तातला प्राणवायू वाढत नाही. उलट लहान मुलाने कापराची वडी तोंडात घातली तर झटके येऊ शकतात, त्यामुळे ती पुरचुंडी त्याच्या गळ्यात असणे धोक्याचे आहे. मद्याने त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, अंगाला क्षणभर गरम वाटते आणि शरीरातली उष्णता अधिक वेगाने बाहेर जाते. हे मोठ्यांनाही तितकेच लागू आहे. उंचीसाठी मिळणाऱ्या गोळ्यासुद्धा स्वतःच्या मनाने मुलांना देऊ नयेत. त्यांच्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवावे.

पोवईनाका

मनालीहून अटल बोगद्यातून सिस्सूला जाण्याचा पर्याय कसा वाटतो? तिकडे बर्फ हमखास असतो, असे ऐकले आहे.

मिरजवाली

पर्याय वाईट नाही, पण पायपिटीचा नाही. अटल बोगदा ऑक्टोबर २०२० मध्ये खुला झाला, त्याची लांबी सुमारे ९ किलोमीटर आहे आणि तो तीन हजार मीटरच्या थोडा वर आहे. मनाली २,००० मीटरच्या आसपास, त्यामुळे मोटारीने थोड्या वेळात हजार मीटर चढणे होते. सकाळी जाऊन दुपारी मनालीला झोपायला परत येणार असाल, तर मुलांना सहसा त्रास होत नाही. मात्र डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात त्या रस्त्यावर वाहनांची रांग लागते, आणि बर्फ पडू लागला की प्रशासन बोगद्याची वाहतूक थांबवते. मुलांचा अर्धा दिवस गाडीच्या काचेतून बाहेर पाहण्यात जातो. ताईंना जे हवे आहे, ते तिथे मिळेल असे मला वाटत नाही.

निवृत्त_हवालदार

शाहूपुरीताई, मी सातारा तालुक्यातल्या एका गावचा. सेवेचा बराच काळ काश्मीर आणि लडाखकडे गेला. तिकडच्या शिस्तीतल्या काही गोष्टी मुलांसाठीही उपयोगी पडतील, म्हणून लिहितो.

बर्फात माणूस चालताना सहसा गारठत नाही. तो थांबल्यावर गारठतो. चढताना घाम येतो, आतला कपडा ओला होतो, मग दहा मिनिटे बसले की तोच ओला कपडा अंगातली ऊब शोषून घेतो. यासाठी निघताना मुलाला किंचित थंडी वाजत असेल इतकेच कपडे घालावेत, चालायला लागल्यावर पाच-दहा मिनिटांत एकदा थांबून वरचा कपडा काढावा, आणि विसाव्याला बसताच मुलाने मागायच्या आत तो पुन्हा घालावा. दिवसभर हे काढ-घाल करण्याचा कंटाळा करू नये. मुलाच्या मानेमागे कॉलरखाली हात घालून पाहावा. तिथे ओल लागली तर एक थर कमी करायचा, गार लागले तर एक थर वाढवायचा.

दुसरे, आम्ही जोड्या लावून एकमेकांचे चेहरे तपासत असू. नाकाचा शेंडा, गाल, कानाची पाळी आणि बोटांची टोके पांढुरकी किंवा मेणचट दिसू लागली, तर ते हिमदंशाचे पहिले लक्षण असते. स्वतःला ते कळत नाही, कारण तो भाग बधिर झालेला असतो. अशा वेळी बर्फ चोळणे हा जुना समज अत्यंत घातक आहे. जोरात चोळूही नये आणि शेकोटीजवळही धरू नये, कारण बधिर कातडीला भाजलेले समजत नाही. मुलाची बोटे आपल्या काखेत धरावीत, कोरडे हातमोजे घालावेत आणि आडोशाला न्यावे. हे तपासण्याचे काम तुमच्या मुलीवर सोपवा. दहा वर्षांची मुले अशी जबाबदारी मोठ्या निष्ठेने पार पाडतात.

तिसरे, चालताना मोठे माणूस पुढे असावे आणि एक सर्वांत मागे. पुढच्याने बुटाचा चवडा बर्फात रोवून पायरी तयार करायची आणि ती मुलाच्या ढांगेइतकी जवळ ठेवायची. स्वतःच्या ढांगेने पायऱ्या पाडल्या तर मुलाला प्रत्येक पावलाला उडी मारावी लागते आणि ते तासाभरात थकते. उतरताना टाच रोवायची. सकाळी सावलीतल्या वाटेवर बर्फ काचेसारखा कडक असतो, तिथे बुटांना दातेरी साखळ्या लावल्याखेरीज पाऊल टाकू नये. लहान मापाच्या साखळ्या भाड्याने मिळतीलच असे नाही, तेव्हा निघण्यापूर्वी फोन करून खात्री करून घ्यावी.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे परत फिरण्याची वेळ घरून निघतानाच ठरवावी. दुपारी बारा वाजता जिथे असू तिथून मागे फिरायचे, मग ठिकाण समोर दिसत असले तरी. मुलांनाही हे आधी सांगून ठेवावे, म्हणजे फिरताना त्यांचा हिरमोड होत नाही.

डोंगरवाट_कोरेगाव

हवालदारसाहेब आणि डॉक्टर, तुमचे लिहिणे वाचून मी माझ्या मताला थोडी मुरड घालतो. सहा वर्षांच्या मुलासह माथ्याचा आग्रह धरू नये, हे मला मान्य आहे. परंतु केदारकंठ्याची वाट संपूर्ण बाद करण्याचे कारण नाही. सांक्रीत राहून जुडा का तालाबच्या दिशेने रानातून जमेल तितके चालावे आणि संध्याकाळी गावात परतावे, तरीही भरपूर बर्फ आणि अप्रतिम देवदार मिळतात. माझा आक्षेप होता तो मुलांना गाडीत बसवून बर्फ दाखवण्याला, आणि त्यावर मी ठाम आहे.

मिरजवाली

एवढ्यावर आपले एकमत झाले, याचा आनंद आहे. मात्र देहरादूनहून सांक्रीपर्यंतचा रस्ता आठ ते दहा तासांचा आणि वळणावळणांचा आहे. ज्या मुलांना गाडी लागते, त्यांच्या आयांनी तो प्रवास हिशेबात धरावा.

जरंडेश्वर

या चर्चेत उत्तराखंडमधल्या देवरियाताल या तळ्याचे नाव अजून कोणी घेतले नाही, याचे नवल वाटले. ताईंनी जे मागितले आहे, ते जवळपास सगळे तिथे आहे.

ऋषिकेशहून देवप्रयाग, रुद्रप्रयाग, उखीमठ असे करत सारी नावाच्या गावात पोहोचायचे. उखीमठच्या ओंकारेश्वर मंदिरात हिवाळ्यात केदारनाथाची पूजा होते, त्यामुळे सासूबाईंनाही तिथे थांबण्याचे समाधान मिळेल. रस्ता लांबचा असल्याने मुलांसाठी रुद्रप्रयागला एक रात्र थांबणे उत्तम. सारी सुमारे २,००० मीटरवर आहे, म्हणजे विरळ हवेचा त्रास सुरू होण्याच्या खाली, आणि सगळे मुक्काम तिथेच एका घरात करता येतात. गावातून देवरियातालपर्यंत जेमतेम अडीच-तीन किलोमीटरची दगडी पायवाट आहे. चढ साधारण चारशे मीटरचा, अजिंक्यताऱ्यापेक्षा थोडा जास्त. वाटेत एक जुने शिवमंदिर लागते. सासूबाईंना वर यायचे नसेल, तर तिथपर्यंत येऊन त्या परत जाऊ शकतात.

आम्ही गेलो तेव्हा आदल्या रात्री बर्फ पडून गेला होता. गावाच्या वरच्या बाजूला पायवाटेच्या दगडांवर तो बोटभर होता, मंदिरानंतर घोट्यापर्यंत आला आणि बुरांशाच्या, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉनच्या, झाडीत मुलांच्या गुडघ्यांना लागला. एका ठिकाणी लहानशा पावलांची सरळ रेघ वाट ओलांडून गेली होती. मुले तिथे इतका वेळ रेंगाळली की आमच्या वाटाड्याने शेवटी ती कोल्ह्याची असल्याचे सांगितले, आणि कोल्हा मागचा पाय नेमका पुढच्या पायाच्या ठशात कसा टाकतो, हेही दाखवले. पुढे दोघेही तसेच चालण्याचा प्रयत्न करत राहिले आणि चढ कधी संपला ते कळले नाही. तळ्याच्या कडेला पाणी गोठले होते. समोर चौखंबा शिखर उभे होते. यक्षाने युधिष्ठिराला प्रश्न विचारले ते हेच तळे, अशी तिथली श्रद्धा आहे, आणि वाटाड्याच्या तोंडून ती कथा ऐकताना थोरल्याने भावांपैकी कोण कुठे पडला असेल, याच्या जागा निश्चित केल्या.

मुले ताजी असतील आणि हवा चांगली असेल, तर एक दिवस गाडीने चोपत्याच्या बाजूला जाऊन तुंगनाथच्या वाटेवर थोडे चालता येते. मात्र हिवाळ्यात तो रस्ता बर्फाने पुष्कळदा अलीकडेच बंद होतो. तुंगनाथ ३,६८० मीटरवर आहे, हिवाळ्यात मंदिर बंद असते आणि देवाची पूजा मक्कूमठला होते. वरच्या भागात वाट तिरक्या उतारावरून जाते आणि बर्फ कडक असला की घसरण्याचा धोका असतो. मुलांना घेऊन पहिल्या रानातल्या कुरणांपर्यंत गेले तरी दिवस सार्थकी लागतो.

बालरोग_सांगली

देवरियातालचा बेत वैद्यकीय दृष्टीने मला सर्वांत योग्य वाटतो. दिवसा २,४०० मीटरपर्यंत जाणे, झोपायला २,००० वर येणे, आणि काही झाले तरी गाडीरस्त्यापासून तास-दीड तासाच्या अंतरावर असणे, या तिन्ही गोष्टी लहान मुलांसाठी मोलाच्या आहेत.

काळ्या चष्म्यांविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून जोडतो. ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ऐंशी टक्क्यांपर्यंत किरण परावर्तित करतो, शिवाय उंचीबरोबर त्यांची तीव्रता वाढते. चष्म्याविना काही तास काढल्यास संध्याकाळी डोळे लाल होतात, पाणी येते आणि डोळ्यांत वाळू गेल्यासारखे टोचते. आभाळ असतानाही हे होते. मुलांसाठी कडेने बंद असणारा चष्मा, कानामागे दोरी लावलेला, असा घ्यावा. जत्रेतला रंगीत काचेचा चष्मा उपयोगाचा नाही. हनुवटीच्या खाली आणि नाकपुड्यांच्या कडेलाही उन्हापासून वाचवणारे मलम लावावे, कारण बर्फावरचे ऊन खालून येते.

हळदीचे_गाव

खाण्याविषयी लिहितो, कारण थंडीत मुले खात नाहीत ही सर्वांची अडचण असते. आम्ही सांगलीहून डिंकाचे लाडू आणि भडंग नेले होते. लाडवातले तूप थंडीने गोठले, ते दगडासारखे झाले आणि मुलांना चावता येईनात. भडंग मात्र शेवटच्या दिवसापर्यंत पुरवून खाल्ले, कारण हातमोजा काढून मूठभर तोंडात टाकणे सोपे जाते. गूळपोळीही चांगली राहते, फक्त ती आतल्या खिशात ठेवावी. सारीसारख्या गावात मडव्याची, म्हणजे आपल्या नाचणीचीच, भाकरी मिळते. ती आपल्या मुलांना ओळखीची वाटते.

पाण्याची बाटली पिशवीत उलटी ठेवावी. पाणी वरून गोठत येते, त्यामुळे बाटली उलटी असली की बर्फ बुडाकडे होतो आणि तोंड मोकळे राहते. थंडीत मुलांना तहान लागत नाही, म्हणून प्रत्येक विसाव्याला दोन-चार घोट कोमट पाणी आठवणीने पाजावे.

शाहूपुरी

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. देवरियातालविषयी वाचून घरातले वातावरण बदलले आहे. दोन शंका उरल्या आहेत. कपडे नेमके कोणते घ्यावेत? घरात सासूबाईंच्या माहेरचे घोंगडे आहे, ते न्यावे का? आणि डिसेंबर की जानेवारी?

मिरजवाली

घोंगडे जरूर न्या, पण मुक्कामी पांघरायला. लोकर थोडी ओली झाली तरी ऊब देते, हा तिचा मोठा गुण आहे. चालताना मात्र ते जड होते. अंगाला लागून सुती बनियन अजिबात नको. सूत घाम धरून ठेवते आणि वाळत नाही. सर्वांत आत लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे थर्मल, त्यावर फ्लीस किंवा लोकरी स्वेटर, आणि बाहेर वारा व ओल अडवणारे जाकीट, असे तीन थर पुरतात. एकच जाडजूड कोट घेतला की त्यात मूल एक तर घामेजते किंवा काढल्यावर कुडकुडते. हातमोजे प्रत्येक मुलाचे किमान दोन जोड हवेत, कारण पहिला जोड बर्फाचे गोळे करण्यात तासाभरात भिजतो. चारही बोटे एकत्र राहणारे हातमोजे अधिक उबदार असतात. बूट जाड मोजा घालून चवड्याला मोकळीक राहील एवढे मोठे घ्यावेत. दोन-दोन मोजे कोंबून बूट आवळला की रक्त खेळत नाही आणि पाय उलट लवकर गार पडतात. नवे बूट आधी अजिंक्यताऱ्यावर घालून चालवावेत.

जरंडेश्वर

बर्फासाठी जात असाल, तर जानेवारीचा शेवट किंवा फेब्रुवारीचा आरंभ निवडावा. त्या भागातला हिवाळी बर्फ पश्चिमी विक्षोभांमुळे, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या वादळी हवेमुळे, पडतो आणि डिसेंबरमध्ये ते पुरेसे येतीलच असे नाही. जानेवारीचीही पूर्ण हमी नसते. २०२४ च्या जानेवारीच्या पूर्वार्धात तर गुलमर्गचे उतारसुद्धा उघडे पडले होते. डिसेंबरअखेरची गर्दी टळते, हा दुसरा लाभ. जागा आणि गाडी ठरवताना एखादा दिवस हाताशी राखावा.

निवृत्त_हवालदार

बर्फ पडत असताना आणि त्यानंतरचे एक-दोन दिवस तीव्र उताराखालून जाऊ नये. तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावरून हिमकडे सुटण्याचा धोका सर्वाधिक असतो. संरक्षण संशोधन संस्थेचा चंडीगढचा विभाग हिमस्खलनाचे इशारे देतो आणि ते बातम्यांत येतात. तेवढे रोज पाहावेत. देवरियातालची वाट रानातली आहे, तरीही स्थानिक वाटाड्या सोबत घ्यावा आणि तो नको म्हणाला की वाद घालू नये.

आणखी एक कळकळीने सांगतो. रात्री खोली गरम करण्यासाठी कोळशाची शेगडी कोणी आणून दिली, तर ती दारे-खिडक्या लावून खोलीत ठेवून कदापि झोपू नका. तिच्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो, आणि उत्तरेत दर हिवाळ्यात कुटुंबेच्या कुटुंबे अशी झोपेत जातात. खोली गरम करायची तर झोपण्यापूर्वी करावी, शेगडी बाहेर काढावी, हवा खेळू द्यावी आणि मग झोपावे. अंथरुणासाठी गरम पाण्याची रबरी पिशवी पुरेशी आहे. मुलांना निजवण्याआधी अर्धा तास ती पायथ्याशी ठेवावी.

यवतेश्वर_चढ

एक विनंती माझीही आहे. फुलांच्या हंगामात कासला काय होते, ते आपण सातारकर दरवर्षी पाहतो. बर्फावर टाकलेला कागद तेवढ्यापुरता बर्फाखाली जातो आणि उन्हाळ्यात गावाच्या पाण्यात येतो. मुलांच्या पिशवीत कचऱ्यासाठी एक वेगळी थैली द्यावी आणि ती साताऱ्यापर्यंत परत आणावी.

पोवईनाका

प्रवासासाठी गोवा एक्सप्रेस सोयीची पडेल. ती मिरज, सांगली आणि सातारा अशी तिन्ही स्थानके घेत दिल्लीला निजामुद्दीनपर्यंत जाते, त्यामुळे पुण्याला गाडी बदलण्याचा त्रास वाचतो. दिल्लीहून हरिद्वारला बऱ्याच गाड्या आहेत.

शाहूपुरी

आमचे ठरले. जानेवारीच्या शेवटी जायचे, रुद्रप्रयागला थांबून सारीत मुक्काम करायचा आणि देवरियातालची वाट मुलांच्या पावलाने चालायची. पहिल्या दिवशी मंदिरापर्यंतच जाऊ आणि तळ्याचा बेत दुसऱ्या दिवशी ठेवू. चोपत्याचा दिवस हवा आणि मुले पाहूनच ठरवू. केदारकंठा मुलगी चौदा वर्षांची होईपर्यंत राहू दे, असे माझ्या भावालाही कळवले आहे. सासूबाईंची तपासणी पुढच्या आठवड्यात आहे. चेहरे तपासण्याचे काम मुलीला सांगितल्यापासून ती घरातल्या प्रत्येकाच्या नाकाचा शेंडा रोज पाहते आहे.

हवालदारकाका, दुपारी बारा ही परतीची वेळ देवरियातालसाठीही तीच ठेवावी का? आम्ही नऊच्या सुमारास निघण्याचा विचार करत आहोत.

निवृत्त_हवालदार

नऊला निघालात तर तीच ठेवा. मुलांसह बर्फातून अडीच तासांत तळे आले, तर वर अर्धा तास मिळेल आणि अंधार पडण्याच्या कितीतरी आधी तुम्ही गावात असाल. निघण्यास साडेदहा वाजले, तर त्या दिवशी मंदिरापर्यंतच जा आणि तळ्याला दुसऱ्या दिवशी लवकर निघा.